तारामती आणि पिंपळगाव जोग्याचे पाणी : निमगाव केतकीहून हरिश्चंद्रगड

हरिश्चंद्रगडाच्या मोहिमेत वार ठरवण्याआधी महिना ठरवावा लागतो. निमगाव केतकीचा इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. तिथल्या माणसाला पावसाची वाट पाहण्याची सवय असते. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र जुलै-ऑगस्टात पाऊस आणि धुके वाट दिसू देत नाहीत. उन्हाळ्यात उलटी अडचण, पिण्याच्या पाण्याची. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.

बारामतीमार्गे पुणे, तिथून नारायणगाव, आळेफाटा आणि माळशेज घाटाच्या अलीकडचा खुबी फाटा असा एसटीचा मार्ग आहे. गाड्या बदलण्यात दिवस मोडतो. त्याच दिवशी चढाईचा हट्ट धरू नये. फाट्यापासून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटरवर खिरेश्वर लागते. मुक्काम तिथेच करावा.

खिरेश्वरहून टोलार खिंडीतून चढायला चार-पाच तास लागतात. खिंडीच्या वरचा कातळटप्पा रेलिंग धरून पार होतो. अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट याहून सोपी आणि जवळची. नळीची वाट दोर आणि अनुभव असणाऱ्यांचीच. फोटो पाहून ती निवडणे हा शुद्ध वेडेपणा.

पाठीवरच्या सॅकमध्ये माणशी तीन लिटर पाणी, बॅटरी, उबदार कपडे आणि कोरडा शिधा हवा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ यांपुढे महागडी पाकिटे फिकी पडतात. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वर राहायचे असल्यास वन विभागाचे नियम आधी विचारावेत.

माथ्यावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा आहे. गुहेतल्या शिवलिंगाभोवती कमरेइतके गार पाणी असते. तारामती हे गडाचे सर्वोच्च शिखर, चौदाशे मीटरहून उंच. कोकणकड्यावर मात्र सकाळीच पोचावे. तो पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी सूर्य पाठीशी येतो आणि दरीत धुके असेल तर त्यावर गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, उमटू शकते. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी त्याची नोंद केली होती. पावसाळा सरता सरता हा योग जुळण्याची शक्यता अधिक.

उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी जवळ असावी. दुपारच्या आत गड सोडला तर उजेडात खिरेश्वर आणि पुढे फाट्यावरची एसटी गाठता येते.