गळक्या गच्चीविषयीचे काही समज आणि वस्तुस्थिती

सन १९७० च्या मार्च महिन्यात नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि पुढील दोन दशकांत वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, बेलापूर या भागांत ज्या तीन-चार मजली इमारती खाडीच्या सान्निध्यात उभ्या राहिल्या, त्या शहराच्या नावामुळे अद्याप नव्या वाटत असल्या तरी त्यांतील कित्येकींनी चाळिशी ओलांडली आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेणाऱ्या या इमारतींच्या वरच्या मजल्यावर ओल दिसू लागली की जी धावपळ होते, तिच्या मुळाशी बहुधा काही दृढमूल गैरसमज असतात. आणि त्यांच्यापायी रहिवाशांचा पैसा तर व्यर्थ जातोच, शिवाय इमारतीचे आयुष्यही अकारण क्षीण होते.

पहिला समज असा, की छतावर जेथे डाग उमटतो त्याच्या बरोबर वरच गच्ची फुटलेली असते. वस्तुतः पाणी क्वचितच गच्चीच्या मध्यभागातून शिरते. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तो कोपरा, पावसाच्या पाण्याच्या नळाचे तोंड, टाकीच्या खांबांचे पाय, कोब्यातून वर आलेले नळ, अशा दोन निराळ्या वस्तूंच्या सांध्यांतून ते आत उतरते, कोबा आणि स्लॅब यांच्या दरम्यान उताराच्या दिशेने वाहत जाते आणि दूरवर एखाद्या बारीक भेगेतून खाली ठिबकते. थंड देशांतील जुन्या घरांत धुराडे छपरातून वर येते तेथील सांध्यावर शिशाचा पत्रा बसवतात, त्याचे कारण हेच, की भिंत आणि छप्पर उन्हाथंडीत सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावत नाहीत आणि त्या हालचालीशी जुळवून घेण्याइतके शिसे मऊ असते. आपल्याकडे हे काम कठड्याच्या पायथ्याशी दिलेल्या गोलाईने, म्हणजे गवंडी ज्यास ‘वाटा’ म्हणतात त्याने साधावयाचे असते. वाटा उकलला असेल, तर सबंध गच्चीवर खर्च करण्यापूर्वी तो तोडून नव्याने भरणे आणि नळाच्या तोंडाभोवतीचा भाग दुरुस्त करणे हाच योग्य क्रम होय. परंतु हे काम लहान असल्याने ते सुचविण्यास कंत्राटदार सहसा उत्सुक नसतो.

दुसरा समज अधिक घातक आहे. जुना कोबा गळतो, सबब त्यावरच नवा थर घालावा, म्हणजे दुहेरी बंदोबस्त होईल, असे सभांतून सर्रास मांडले जाते. विटांच्या तुकड्यांच्या चार इंची कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते, आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर भारतीय मानकानुसार जो चल भार गृहीत धरतात तो १५० किलो इतकाच असतो. म्हणजे या दुसऱ्या थरासरशी, गच्चीवर एकही मनुष्य उभा नसताना, तिच्यावर हिशेबाबाहेरचा भार कायमचा बसतो; आणि जुन्या थरातील विटांनी शोषलेले पाणी दोन्ही थरांमध्ये कोंडून राहते ते निराळेच. जुना कोबा स्लॅबपर्यंत उचलणे, स्लॅबच्या भेगा भरणे आणि नंतर दर १०० फुटांस निदान १ फूट उतार साधून नवा कोबा घालणे, यास पर्याय नाही. रासायनिक रंगाचे दोन हात दिले की दहा वर्षांची निश्चिंती, हे आश्वासनही याच जातीचे. हा लेप उन्हाने जीर्ण होतो, ओलसर पृष्ठभागावर धरत नाही आणि जेथे उतारच चुकला आहे तेथे साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही.

खोलीतून छताकडे पाहिले असता पोपडे सुटलेले आणि गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या दिसतात, तेव्हा त्यावर सिमेंटचा गिलावा करून रंग दिला की काम संपले असे मानले जाते. हे केवळ झाकणे होय. काँक्रीट मूलतः तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२.५ च्या वर असतो, आणि त्या स्थितीत सळईवर जो संरक्षक पापुद्रा टिकून राहतो तो तिला गंजू देत नाही. हवेतील कर्बाम्ल वायू वर्षानुवर्षे आत झिरपून तो सामू ९ च्या आसपास उतरला, किंवा खाडीवरील खाऱ्या वाऱ्यातील क्षार आत पोहोचले, की हे कवच नष्ट होते. पुढे तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. सैल झालेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत तोडून, गंज घासून, गंजरोधक लेप देऊन, सळई बरीच झिजली असल्यास शेजारी नवी जोडून आणि मग पॉलिमरमिश्रित मसाला भरूनच ही दुरुस्ती पुरी होते. अर्थात वरची गळती आधी थांबलेली असली पाहिजे.

खर्चाविषयीचा तंटा तर प्रत्येक इमारतीत आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने गच्चीचा खर्च सोसावा, हे म्हणणे सर्वथा निराधार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्यावरील सदनिकांच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान, या दोहोंची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावयाची असते. सदस्याच्या माथी पडते ती त्याच्या न्हाणीघरातून वा मोरीतून होणारी गळती. सिडकोच्या ज्या इमारती अपार्टमेंट पद्धतीने चालतात, तेथेही १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने छप्पर हे सामाईक क्षेत्रांत गणले आहे.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी १९८० च्या दशकात उतरत्या कौलारू छपरांची लहान घरे अंगणांभोवती रचली, आणि रहिवाशांना ती पुढे वाढविता यावीत अशी तजवीजही ठेवली. त्यांतील अनेक घरांवर पुढे स्लॅब चढले. कौल म्हणजे मागासलेपण आणि स्लॅब म्हणजे कायमची सोय, हा समज जुन्या गावठाणांतही खोल रुजला आहे. या पर्जन्यमानात मात्र उतरते छपरच स्वाभाविक होय: कौल फुटले तर तेवढेच बदलता येते, वासा कुजला तर तो डोळ्यांस दिसतो, उन्हाळ्यात घर शाकारून घेतले की पावसाळा निभावतो. स्लॅबमधील दोष मात्र वर्षानुवर्षे अदृश्य राहून वाढतो.

याचसाठी स्ट्रक्चरल ऑडिटची तरतूद आहे, परंतु ऑडिट केले की महापालिका इमारत रिकामी करावयास लावील, या भीतीने कित्येक संस्था ते टाळत राहतात. धोकादायक इमारतींचे वर्ग चार आहेत. त्यांपैकी केवळ सी-१ मधील इमारत तात्काळ रिकामी करून पाडावी लागते. सी-२अ मध्ये ती रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२ब मध्ये रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती होते आणि सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करावयाचे असते. वेळीच केलेले परीक्षण इमारतीला सी-१ पर्यंत जाण्यापासून वाचविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

राहता राहिला काळाचा प्रश्न. मे महिन्याच्या अखेरीस कंत्राटदार शोधू लागणे ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे, परंतु कोबा उचलल्यावर स्लॅब पुरता सुकावा लागतो, नव्या कोब्यास कित्येक दिवस पाणी मारावे लागते, आणि त्यानंतर नळांची तोंडे बंद करून गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस खालचे छत न्याहाळावे लागते. ही चाचणी पाऊस सुरू झाल्यावर निरर्थक ठरते. म्हणून दिवाळीनंतर काम हाती घ्यावे, आणि कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता त्या चाचणीनंतरच देय होईल, असे करारनाम्यात आरंभीच लिहून घ्यावे.