फिरंग तलवार : उगम आणि अस्सलपणा

फिरंग म्हणजे युरोपीय पाते व हिंदुस्थानी मूठ यांचा संयोग. त्यामुळे पाते, मूठ आणि मालकी यांचा उगम स्वतंत्रपणे शोधावा लागतो. १८७५-७६ मध्ये कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांनी प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेल्या ‘जगदंबा’ तलवारीचे पातेही युरोपीय आहे. पात्यावरील मुद्रा हा निर्णायक पुरावा नव्हे; कारण नामांकित युरोपीय कारागिरांच्या खुणांची नक्कल युरोपात आणि हिंदुस्थानातही होत असे. पोलादाचा पोत, पन्हळींची घडण, मुठीत दडलेला भाग आणि हस्तांतराच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्यावरच निर्णय संभवतो. अभंगाचे कर्तृत्वही केवळ नाममुद्रेवरून ठरत नाही, हे येथे स्मरावे. मात्र मूठ बदलली म्हणून तलवार खोटी ठरत नाही. त्या बदलातच तिचा प्रवास नोंदलेला असतो.