प्रॉक्सीच्या खिडकीवरची रांग

दहावी-बारावीच्या निकालाचे पान उघडेना की खापर सर्व्हरच्या क्षमतेवर फुटते. कनेक्शन जोडण्या-तोडण्यात किती वेळ जातो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

सुरुवातीच्या वेबवर प्रत्येक फाइलसाठी नवे टीसीपी कनेक्शन लागे आणि फाइल आली की ते तुटे. सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमधून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन पाव सेकंद धरला, तर एकामागून एक मागवलेल्या वीस चित्रांना दहा सेकंद लागतात. त्यातले निम्मे नुसत्या जोडणीत जातात. एकच कनेक्शन टिकवले तर काम सव्वापाच सेकंदांत होते. उत्तराची वाट न पाहता वीसही मागण्या ओळीने पाठवल्या, म्हणजे पाइपलाइनिंग केले, तर डेटा वाहून येण्याचा वेळ सोडून अर्धाच सेकंद.

या दोन्ही युक्त्या १९९४ मध्ये व्यंकट पद्मनाभन आणि जेफ्री मोगल यांनी मांडल्या. पद्मनाभन तेव्हा बर्कलीत विद्यार्थी होते. पुढे ते बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये आले. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये टिकाऊ कनेक्शन हाच नियम ठरला.

घोडे अडले ते ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधल्या प्रॉक्सीपाशी. कनेक्शन टिकवायला सांगणारी 'कीप-अलाइव्ह' ही सूचना फक्त पुढच्या टप्प्यापुरती असते. जुन्या प्रॉक्सींना तिचा अर्थच कळत नसे. ते ती जशीच्या तशी सर्व्हरकडे ढकलत. सर्व्हर कनेक्शन उघडे ठेवी, प्रॉक्सी ते बंद होण्याची वाट पाही आणि पान लटके.

पाइपलाइनिंगचे दुखणे याहून मोठे. उत्तरे मागण्यांच्याच क्रमाने द्यावी लागतात. आरक्षणाच्या खिडकीवर पहिलाच प्रवासी फॉर्मवरून घोळ घालत बसला तर मागचे सगळे ताटकळतात, तसेच इथे होते. शिवाय कनेक्शन मध्येच तुटले तर पैसे भरण्यासारखी मागणी पुन्हा पाठवणे धोक्याचे. म्हणून की काय, लॅबमध्ये सर्रास दिसणारा स्क्विड प्रॉक्सी ब्राउझरकडून आलेली रांग स्वीकारतो, पण सर्व्हरकडे स्वतः पाइपलाइन करत नाही. पुढच्या मागण्या आधीच वाचून ठेवण्याची त्याची सोयही मुळात बंदच असते. कागदावर देखणी असलेली ही कल्पना व्यवहारात जवळजवळ वाया गेली, असेच म्हणावे लागेल. फायरफॉक्सनेही २०१७ मध्ये ती काढून टाकली.

२०१५ च्या एचटीटीपी २ ने एकाच कनेक्शनवर उत्तरे मिसळून पाठवण्याची सोय केली. २०२२ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीटीपी ३ ने टीसीपीच सोडले. एचटीटीपीएस असेल तर नेहमीच्या मांडणीतल्या प्रॉक्सीला आतले काही दिसत नाही. तो फक्त बोगदा उघडून देतो.