शिष्यवृत्तीचे टेबल आणि पहिली कार्यशाळा

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठी शासनाकडून मिळणारे शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क आणि निर्वाह भत्ता, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक टप्प्यांतून जाते आणि त्यांतील पहिला टप्पा महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाच्या टेबलावर असतो. अर्ज विद्यार्थी भरतो आणि पैसे शासन देते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु या दोहोंच्या मधे बसलेल्या या कर्मचाऱ्याच्या जाणकारीवर किती घरांची फी अवलंबून असते, याचा विचार क्वचितच केला जातो. अर्ज सुरू होण्याच्या सुमारास समाज कल्याण व इतर विभागांची जिल्हा कार्यालये प्राचार्य, नोडल अधिकारी आणि लिपिक यांच्यासाठी ज्या बैठका व कार्यशाळा घेतात, त्यांना या कामात म्हणूनच मोठे महत्त्व आहे. महाविद्यालयाच्या वतीने शिष्यवृत्तीचे काम पाहण्याची जबाबदारी ज्या प्राध्यापकाकडे सोपवलेली असते, त्यास नोडल अधिकारी म्हणतात, आणि अनेकदा ही जबाबदारी त्याच्याकडे पूर्वानुभवाशिवाय येते.

अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर विद्यार्थी अर्थसाहाय्य हे स्वतंत्र व्यावसायिक क्षेत्र म्हणून वाढले आणि १९६६ मध्ये या क्षेत्रातील अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जिच्या परिषदांमध्ये नवख्यांना नियम, तंत्र आणि सहकारी या तिन्हींची ओळख होते. महाराष्ट्रात असा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिलेला नाही. येथे तेच काम प्रवेश, परीक्षा आणि आस्थापना सांभाळणाऱ्या कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याकडे येते, आणि त्याचे प्रशिक्षण म्हणजे बहुधा ही एका दिवसाची कार्यशाळाच असते. तेवढा एकच दिवस हाती असल्यामुळे तो कसा वापरला जातो, हा प्रश्न गंभीर ठरतो.

नागपुरात, उदाहरणार्थ, या कामाचा भूगोल समजून घेणे हीच या कार्यशाळेची पहिली तयारी होय. सीताबर्डीतील जुन्या मॉरिस कॉलेजच्या इमारतीत उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय आहे, समाज कल्याणचे कामकाज श्रद्धानंदपेठेतील सामाजिक न्याय भवनातून चालते, तर आदिवासी विकास विभागाची कार्यालये गिरीपेठेत आहेत. इतर मागास बहुजन कल्याण आणि तंत्रशिक्षण यांची यंत्रणा पुन्हा वेगळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर येथून शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याला हे सर्व एकच ‘सरकार’ वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची अडचण उच्च शिक्षणाच्या कार्यालयात सुटत नाही आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा प्रश्न समाज कल्याणकडे नेऊन उपयोग नसतो. कोणती योजना कोणत्या विभागाची, हे ज्याने आधी नोंदवून घेतले आहे, तोच कार्यशाळेत योग्य अधिकाऱ्यास योग्य प्रश्न विचारू शकतो.

२०१७-१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर घेतले जातात. डीबीटी म्हणजे लाभाची रक्कम थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत. विद्यार्थ्याने आधार क्रमांकाच्या साहाय्याने भरलेला अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनवर, नंतर प्राचार्यांच्या लॉगिनवर आणि त्यानंतर जिल्हा कार्यालयाकडे जातो. त्रुटी आढळल्यास तो शेऱ्यासह विद्यार्थ्याकडे परत येतो आणि विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा सादर करेपर्यंत तेथेच थांबतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने पाहिलाच नाही, तर प्रत्यक्षात कोणीही नाकारलेला नसताना तो मुदतीअभावी बाद होतो, आणि ही गोष्ट नाकारले जाण्यापेक्षाही अधिक दुःखाची मानली पाहिजे.

या साखळीत सर्वाधिक गोंधळ बँक खात्याबाबत होतो. खात्यास ओळखपत्र म्हणून आधार जोडणे आणि थेट लाभासाठी ते खाते आधारशी संलग्न करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, कारण शासनाची रक्कम खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावरून शोधलेल्या खात्यात जाते, आणि हा शोध भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या नोंदीत सर्वांत शेवटी संलग्न झालेल्या बँकेपाशी संपतो. विद्यार्थ्याने मधल्या काळात मोबाइलवरून एखादे नवे खाते उघडून त्यास अशी संमती दिली असल्यास रक्कम त्या खात्यात जमा होते आणि जुने पासबुक तपासणारे कुटुंब पैसे आलेच नाहीत असे समजून बसते. असाच दुसरा धोका पोर्टलवरील ‘राइट टू गिव्ह अप’ या पर्यायाचा आहे. लाभ स्वेच्छेने सोडण्यासाठी ठेवलेले हे बटण अनवधानाने दाबले गेल्यास अर्ज पूर्ववत करण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. अशी प्रकरणे नावानिशी, अर्ज क्रमांकासह आणि कारणांनुसार गट पाडून कार्यशाळेत नेल्यास अधिकाऱ्यास ती पटलावर तपासता येतात, तर ‘आमच्याकडे पुष्कळ अर्ज अडकले आहेत’ असे सांगणाऱ्यास ‘पाहतो’ एवढेच उत्तर मिळते.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीसाठी केंद्र व राज्य यांचा वाटा २०२०-२१ पासून ६०:४० असा ठरला असून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असल्याने ते विद्यार्थ्याने मुदतीत भरणे अपेक्षित असते. पण हे कोणी समजावून सांगितलेले नसेल, तर गरजू कुटुंबात ती रक्कम घरखर्चात जाते आणि पुढे विद्यार्थी व महाविद्यालय यांच्यात कटुता निर्माण होते. या विषयावरील सूचना लेखी स्वरूपात, शासन निर्णयाच्या दिनांकासह मागून घेणे आवश्यक आहे, कारण व्यासपीठावरून तोंडी दिलेले उत्तर पुढील लेखापरीक्षणात पुरावा ठरत नाही.

योजनांच्या अटीही सतत बदलत असतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. तत्पूर्वी ती ५० टक्के होती. संस्थास्तरावरील प्रवेशास ही सवलत लागू नाही, ही बाब प्रवेश घेतल्यानंतर कळून उपयोग होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू असून नागपूरसारख्या शहरात तिच्यातून भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, परंतु तिचा अर्ज शिष्यवृत्तीच्या अर्जापासून वेगळा करावा लागतो. सीताबर्डीच्या आसपास खोली शोधणाऱ्या मुलासाठी हा फरक शिक्षण चालू राहणे आणि गावी परतणे यांमधील फरक ठरू शकतो.

अटी आणि मुदती यांचे मोल शिष्यवृत्तीच्या इतिहासातही दिसते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले, आणि तो पूर्ण करण्यासाठी १९२० मध्ये पुन्हा जावे लागले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ज्या योजनेमागे असा अनुभव उभा आहे, तिच्यातील नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे त्याच अभ्यासक्रमाच्या पुढील वर्षासाठी दरवर्षी करावयाचा अर्ज, केवळ सूचना न मिळाल्यामुळे राहून जाणे क्षम्य नाही.

कार्यशाळेतील भाषणांपेक्षा मधल्या सुटीत शेजारच्या महाविद्यालयातील अनुभवी लिपिकाशी झालेली ओळख अनेकदा अधिक उपयोगी पडते, कारण अभ्यासक्रमाची पोर्टलवरील नोंद किंवा शुल्करचनेची मान्यता यांसारख्या अडचणी त्याने आधीच सोडवलेल्या असतात. प्राचार्यांनी या बैठकीस प्रत्यक्ष टेबलावर बसणारी व्यक्तीच पाठवावी, आणि ती कंत्राटी असल्यास तिच्यासोबत नियमित कर्मचाऱ्यासही पाठवावे, म्हणजे बदली किंवा कराराची समाप्ती झाल्यावर माहिती निघून जाणार नाही. परतल्यावर पहिल्या आठवड्यातच वर्गावर्गांत जाऊन परत आलेल्या अर्जांची यादी वाचणे, आधार व दहावीच्या गुणपत्रिकेतील नावांचा मेळ तपासून घेणे आणि उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच ग्राह्य असल्याची आठवण देणे, ही कामे फलकावरील सूचनेवर सोडू नयेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पालक बाहेरगावी असल्याने त्यांच्यासाठी तीच माहिती मराठीत एका पानावर छापून प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबर द्यावी.