नाट्यमन्वंतराचे अपयश

घरोघरी पूर्वजांच्या यशाच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगितल्या जातात. कोणी वाडा बांधला, कोणी इनाम मिळविले, कोणी काशीस राहून शास्त्री होऊन परतले. परंतु एखाद्याने काही नवा उद्योग मांडून त्यात हात पोळून घेतले असतील, तर त्याचे नाव आवाज खाली करूनच घेतले जाते. वस्तुतः पुढील पिढ्यांच्या अंगवळणी पडलेल्या कित्येक गोष्टी अशाच पूर्वजांनी प्रथम करून पाहिलेल्या असतात. मराठी रंगभूमीच्या कुळातील अशा एका पूर्वजाचे स्मरण आज आम्ही करणार आहोत. सन 1933 मध्ये मुंबईत काही सुशिक्षित तरुणांनी स्थापलेली 'नाट्यमन्वंतर' ही संस्था, हाच तो पूर्वज होय.

पुराणांच्या गणनेप्रमाणे एका मनूचा अधिकार एकाहत्तर महायुगे चालतो आणि मग दुसरा मनू येतो. नाव निवडताना या तरुणांनी आपली आकांक्षा मुळीच लपविली नाही. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, केशवराव भोळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर प्रभृती मंडळी तीत होती. रंगभूमीचे एक युग संपले असून दुसरे आपण सुरू करणार, अशी त्यांची प्रतिज्ञा होती.

ते संपलेले युग सामान्य नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून पन्नास वर्षे संगीत नाटकाने महाराष्ट्रास वेड लावले होते. परंतु कोणत्याही वैभवास अतिरेकाची कीड लागते. पदे वाढली, त्यांवर 'वन्स मोअर' वाढले, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबू लागले. कथानक गवयाच्या तानेची वाट पाहत उभे राही. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. ललितकलादर्श मंडळीने वरेरकरांच्या नाटकांत रंगविलेले पडदे बाजूस सारून घरातील दिवाणखाना हुबेहूब उभा करण्याचा उपक्रम केला होता खरा. तथापि सगळा संसारच नव्याने मांडण्याचे धैर्य कोणी केले नव्हते.

ते धैर्य 1 जुलै 1933 रोजी दिसले. त्या दिवशी वर्तकांच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन काळ्यांचे व संगीत केशवराव भोळ्यांचे होते. पदे मोजकी ठेवली होती. प्रसंगास पोषक असे पार्श्वसंगीत योजले होते. नेपथ्य घरासारखे व बोलणे घरातल्यासारखे होते. मुख्य म्हणजे स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीच उभी होती. नायिका बिंबेचे काम ज्योत्स्नाबाई भोळे यांनी केले. गोव्याकडून आलेल्या या गुणी गायिकेचे वय तेव्हा विशीच्या आतबाहेर होते.

या नाटकाचा विषय आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. मूळ नाटक नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याचे असून ते 1883 मधील आहे. वाग्दत्त वराच्या पूर्वायुष्यातील स्खलन नायिकेस कळते, आणि ती त्यास स्वीकारण्याचे नाकारते. विवाहापूर्वी वधूकडून जी शुचिता आपण गृहीत धरतो, तीच वराकडून का मागू नये, एवढाच तिचा प्रश्न आहे. पुढे हा प्रश्न तिच्या जन्मदात्या पित्याच्या वर्तनापर्यंत जाऊन पोहोचतो आणि आईने आयुष्यभर झाकून ठेवलेले दुःख उघडे पडते. आपल्या एकत्र कुटुंबांत, माजघरात कुजबुजत बोलला जाणारा हा विषय चारचौघांत दिव्यांच्या प्रकाशात मांडला गेला. नव्या नेपथ्यापेक्षा आम्हांस हे धारिष्ट मोठे वाटते.

पहिल्या नाटकाची वाहवा झाली. परंतु वाहवा आणि गल्ला या सख्ख्या बहिणी नव्हेत. पुढील नाटकांना ते तेज लाभले नाही, आणि दोन-तीन वर्षांतच संस्थेचा कारभार आटोपला. मन्वंतरास एकाहत्तर महायुगे राहोत, एकाहत्तर महिनेही मिळाले नाहीत! 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आल्यापासून प्रेक्षक थोड्या पैशांत गाणे व गोष्ट दोन्ही मिळवू लागला होता. मोठमोठ्या नाटक मंडळ्या डळमळल्या. साक्षात बालगंधर्व 1935 मध्ये 'धर्मात्मा' या चित्रपटात उतरले, तेथे नवख्या संस्थेचा पाड तो काय? खुद्द तिचे शिलेदार प्रभातच्या आश्रयास गेले. भोळ्यांनी 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू' यांस संगीत दिले, आणि काळ्यांनी 1938 मध्ये 'माझा मुलगा' दिग्दर्शित केला.

तथापि सारा दोष बोलपटावर लोटणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आमचे पिंपरी पेंढार हे गाव माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, ओतूर व आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. जवळच नारायणगाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच येऊन यात्रेसाठी सुपारी देऊन जातात. बोलपट आला, दूरदर्शन आले, तरी तमाशा तगला. कारण त्यामागे यात्रेची वर्गणी काढणारे गाव उभे होते. 'आंधळ्यांची शाळा' ज्या सुशिक्षित वर्गासाठी लिहिली गेली, त्याने अभिप्राय उत्तम दिले, पण पदरमोड करून संस्था जगविली नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. नारायणगावच्या फडांत स्त्रिया पिढ्यान् पिढ्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीस तर राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. त्यांच्याकडे पाठ फिरविणारी आपली घरे 1933 मध्ये 'रंगभूमीवर स्त्री आली' म्हणून चकित झाली, यात त्या घरांचेच आंधळेपण दिसते.

आता या अपयशाचा पुढील हिशेब पाहू. 1941 मध्ये मो. ग. रांगणेकरांनी 'नाट्यनिकेतन' काढले. आटोपशीर वेळ, मोजकी पदे, घरगुती संवाद व स्त्रीभूमिकेत स्त्री, हीच सामग्री घेऊन त्यांनी 1942 मध्ये 'कुलवधू' यशस्वी केले. आणि त्यातील नायिकाही ज्योत्स्नाबाईच होत्या. आळतेकरांनी त्याच 1941 साली मुंबईत 'लिटल थिएटर' स्थापून नवे नट घडविण्याचे काम हाती घेतले. जे एका संस्थेस पेलले नाही, ते दहा वर्षांच्या आत साऱ्या रंगभूमीचा रिवाज होऊन बसले.

जुने तेवढे चांगले व नवे तेवढे वाईट असे नसते, असे 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत कालिदासानेही बजावून ठेवले आहे. तेव्हा तोही नवाच कवी होता! आपल्या घरात कोणी मुलगा वा मुलगी अपरिचित वाटेवर पाऊल टाकू म्हणेल, तर तिच्या यशाची हमी मागण्यापूर्वी नाट्यमन्वंतराची आठवण करावी. पाठ थोपटणे सोपे असते. पहिल्या प्रयोगानंतरच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन बसणे, हेच घरच्या माणसांचे खरे कर्तव्य होय.