बदकाच्या पायांची निगा

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. नदीकाठच्या अशा गावी एखाद्या घरी हौसेने बदक आणले जाणे स्वाभाविक आहे. तथापि, पावसाळ्यातील नदी आणि उन्हाळ्यातील घराचे अंगण यांत मोठे अंतर असते. बदकाचा पाय पाण्यासाठी व मऊ चिखलासाठी घडलेला आहे. मुरूम, फरशी आणि तापलेली जमीन त्याला मानवत नाही. नव्याने आणलेले बदक काही दिवसांतच लंगडू लागते, ते बहुधा यामुळेच. ‘आपोआप बरे होईल’ म्हणून दुर्लक्ष केल्यास पक्षी कायमचा अधू होण्याचा, प्रसंगी दगावण्याचाही धोका असतो.

रोग कसा जडतो?

बदकाच्या तळव्याला होणाऱ्या या विकारास पशुवैद्यक ‘बंबलफूट’ म्हणतात. शरीराचा भार सतत कठीण जमिनीवर पडल्याने तळव्याची कातडी घासली जाते व तेथे घट्टा पडतो. बाभळीचा काटा, तुराटीचे टोक किंवा खडा रुतला की कातडीला छिद्र पडते आणि ‘स्टॅफिलोकॉकस’ जातीचे जिवाणू आत शिरतात. अतिलठ्ठपणा, ओला व घाण निवारा आणि आहारातील अ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे रोगाला अधिक वाव मिळतो.

प्रारंभी तळवा लालसर व गुळगुळीत दिसतो. नंतर सूज येते, पाय गरम लागतो आणि मध्यभागी काळी खपली धरते. पक्ष्यांच्या शरीरातील पू पातळ नसून पनीरासारखा घट्ट असतो. म्हणून गळू पिळून तो निघत नाही. उलट दाबल्याने संसर्ग खोलवर, हाडापर्यंत पोहोचू शकतो.

घरी करावयाचे उपचार

बदक घरी आणताच दोन्ही तळवे पाहावेत. त्याला पायाला धरून कधीही उचलू नये, कारण बदकाचे पाय नाजूक असतात. पंख अंगाशी धरून, शरीराला खालून आधार देऊन त्यास उचलावे. बोटांना दोरा किंवा केस गुंडाळला गेला असल्यास तो अलगद कापून काढावा.

केवळ लाली किंवा किरकोळ खरचटणे असल्यास कोमट पाण्यात थोडे मीठ विरघळवून पाय १० ते १५ मिनिटे बुडवून ठेवावा. नंतर तो स्वच्छ करून पाणी मिसळून सौम्य केलेले पोव्हिडोन आयोडिन लावावे. पाय कोरडा झाल्यावर कापसाची मऊ गादी ठेवून पट्टी सैलसर बांधावी व ती रोज बदलावी. जखम उघडी असेपर्यंत बदकास डबक्यात सोडू नये. मात्र, नाकपुड्या बुडतील इतके खोल व स्वच्छ पिण्याचे पाणी त्याच्याजवळ असावे. हे काम करताना हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत, कारण हे जिवाणू माणसाच्या जखमेतही शिरू शकतात.

हिंगोली हा हळद पिकविणारा जिल्हा. तेथे जखमेत हळद किंवा चुना भरण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु चुन्याने कातडी भाजते आणि हळदीच्या थराखाली आतला पू तसाच राहतो. सूज, काळी खपली किंवा लंगडणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठणे हाच खरा उपाय आहे. तेथे पू शस्त्रक्रियेने काढून योग्य प्रतिजैविक दिले जाते. माणसांसाठी आणलेली उरलीसुरली औषधे देऊ नयेत. औषधोपचार सुरू असताना व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही याच विभागात आहे.

आहार आणि पिले

पिलांचे पाय वाकडे होणे हा निराळा विकार होय. बदकाच्या पिलांना नियासिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिलांहून बरीच अधिक, म्हणजे दर किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम असते. केवळ कण्या किंवा कोंबडीचे खाद्य दिल्यास ही गरज भागत नाही. खाद्यात यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते. शेवग्याचा पाला व पिवळा मका यांतून अ जीवनसत्त्वाचा पुरवठा होतो. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र अजिबात देऊ नये. बुरशीचे विष बदकांना विशेष घातक ठरते.

जमिनीचाही उपचार हवा

तळवा बरा झाला तरी जमीन तीच राहिली, तर रोग पुन्हा उद्भवतो. निवाऱ्यात भाताचा तूस किंवा मऊ गव्हाचे काड जाड पसरावे व ओले होताच बदलावे. सोयाबीनचे टोचरे भुसकट टाळावे. अंगणातील खडे-काटे वेचावेत, सावली करावी आणि पोहण्यासाठी पसरट टाकी ठेवून तिचे पाणी वरचेवर बदलावे. हे वापरलेले पाणी परसातील भाजीला देता येते. आठवड्यातून एकदा तळवे तपासण्यास जेमतेम पाच मिनिटे लागतात. हौसेने घरी आणलेल्या मुक्या जीवासाठी तेवढा वेळ देणे हे प्रत्येक पालनकर्त्याचे कर्तव्यच ठरते.