बदलण्याआधी मोजा

पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीच्या मीटरमध्ये बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं, की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. नवी बॅटरी येते, काही दिवस बरे जातात आणि एका सकाळी पुन्हा सेल्फ लागत नाही. मग अल्टरनेटर उतरतो, ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास डायनॅमो म्हणतात. तोही बदलून झाल्यावर दोष सापडतो तो अल्टरनेटरपासून बॅटरीकडे येणाऱ्या जाड तारेच्या सैल, काळ्या पडलेल्या जोडात. पाना आणि पॉलिश पेपर घेऊन तो दहा मिनिटांत दुरुस्त झाला असता. बदललेले दोन्ही पार्ट कदाचित चांगलेच होते. अशा खर्चाचं खापर आपण गाडीच्या वयावर फोडतो, पण खरी चूक निदानाची असते. मीटरमधला दिवा कुठला पार्ट गेला हे सांगतच नाही. एका ठरावीक जागी व्होल्टेज, दाब किंवा तापमान अपेक्षेप्रमाणे नाही, एवढीच तक्रार तो करतो. तिथून कारणापर्यंत पोहोचायचं तर मोजावं लागतं.

हा बॅटरीचा दिवाच जवळून पाहण्यासारखा आहे. जुन्या गाड्यांत त्याचं एक टोक चावीच्या स्विचकडून येतं आणि दुसरं अल्टरनेटरकडे जातं. चावी फिरवली आणि इंजिन बंद असलं, की एका बाजूला बॅटरीचा दाब असतो, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नसतो. म्हणून दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज बनवू लागला, की दोन्ही टोकांचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. म्हणजे चित्र बॅटरीचं असलं, तरी बातमी मुख्यतः चार्जिंगची आहे. पट्टा घसरतोय, ब्रश झिजलेत, कनेक्टर ढिला झालाय किंवा तारेची साल निघून ती बॉडीला टेकलीय, यांपैकी काहीही झालं तरी तोच दिवा पेटणार. आणखी एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. अनेक जुन्या गाड्यांत या छोट्या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागं करतो. बल्ब उडाला तर चार्जिंग सुरू न होण्याची शक्यता असते आणि ते सांगायला दिवाही उरत नाही. म्हणून चावी फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी, सगळे इशारादिवे क्षणभर तरी पेटतात का हे पाहायलाच हवं. जुनी गाडी विकत घेताना तर नक्कीच, कारण चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा मुळीच पेटला नाही, तर कोणीतरी तो मुद्दाम काढून ठेवलेला असू शकतो.

मोजायचं म्हणजे नेमकं काय? साध्या मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर माप घ्यायचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते साधारण १२.६ व्होल्ट आलं, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे; १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल्फ मारताना ते खाली येणारच, पण साडेनऊच्या आसपास टिकायला हवं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं, तर चार्जिंग होत आहे. एवढ्या तीन आकड्यांवरून बॅटरी आणि अल्टरनेटर यांतला संशयित बराचसा ठरतो. दोन्ही निर्दोष ठरले, तर नजर तारांच्या जोडांकडे वळवायची. जुन्या गाडीत तिथेच वय साठतं: टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढते, कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत बॉडीला कसलेले अर्थचे (अर्थिंगचे) बोल्ट आतून गंजतात, पावसाळ्यात पायाखालच्या मॅटमध्ये मुरलेलं पाणी खालच्या कनेक्टरांपर्यंत पोहोचतं, आणि इंजिनाच्या उबेला आलेला उंदीर तारा कुरतडून जातो.

जोडाचा दोष फसवा असतो, तो असा. छपरावरची टाकी भरलेली आहे आणि पाइप आतून क्षारांनी चोंदलेला आहे असं समजा. नळ बंद असताना पाइपातला दाब पुरेपूर भरतो. नळ उघडताच धार बारीक होते. गंजलेला जोडही प्रवाह नसताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडला की मान टाकतो. सेल्फ शंभराहून अधिक अँपियर ओढतो, तेव्हा जोडात एक शतांश ओहम इतका अडथळा असला तरी एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. म्हणून माप भार चालू ठेवूनच घ्यायचं. हेडलाइट आणि पंखा लावायचा, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉडीवर धरायची. दोन दशांश व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थ सुधारायला हवा. काही वेळा मीटरचीही गरज पडत नाही. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर त्या बाजूच्या दिव्यांचा अर्थ तुटला आहे आणि वीज शेजारच्या बल्बमधून परतीची वाट काढते आहे. हेडलाइट लावताच तापमानाचा काटा वर सरकत असेल, तर इंजिन गरम झालं असं समजण्याआधी डॅशबोर्डवरच्या मीटरचा अर्थ तपासावा.

यावर कोणी म्हणेल, आता स्कॅनर आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींत आणि भारतात २०१०नंतर टप्प्याटप्प्याने आलेल्या व्यवस्थेमुळे गाडीचा संगणक बिघाडाचे कोड जपून ठेवतो, आणि ते वाचता येणं ही मोठीच सोय आहे. तरीही कोडसुद्धा तक्रारच असतो. पी-०१७१ हा कोड घ्या. इंधनाच्या मानाने हवा जास्त होत आहे, एवढंच तो सांगतो. ही माहिती ऑक्सिजन सेन्सरकडून येते म्हणून पुष्कळदा सेन्सरच बदलला जातो. खरं तर त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. कुठेतरी रबरी नळी चिरलेली असते आणि तिथून जास्तीची हवा आत शिरत असते. बातमी आणणाऱ्यालाच काढून टाकलं, तर दिवा पुन्हा लागणार यात नवल ते काय. बॅटरी उतरलेली असताना तर एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड नोंदले जाऊ शकतात. त्यांच्यामागे धावण्याआधी व्होल्टेज पाहिलेलं बरं.

दुसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. एक सैल जोड शोधायला दोन तास लागतात; गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही. हे खरं आहे आणि यात दोष आपला आहे. डॉक्टरांची तपासणी फी आपण मुकाट्याने भरतो, मग वायरमनने दोन तास डॅशबोर्डखाली डोकं घालून तार शोधली तर बिलात ‘तपासणी’ ही ओळ का खटकावी? ती ओळ मान्य केली तरच तो मोजेल. नाहीतर अंदाजाने पार्ट बदलणं हाच त्याच्यापुढचा परवडणारा मार्ग उरतो.

‘मोजत बसू नका’ असं सांगणारे दोन अपवाद मात्र आहेत. ऑइल प्रेशरचा लाल दिवा धावत्या गाडीत पेटला, तर इंजिन तत्काळ बंद करायचं. दाबाचा इशारा देणारा स्विच खराब असू शकतो, पण दाब खरोखर गेला असेल तर बेअरिंगं पाहतापाहता निकामी होतात. उतरून डिपस्टिक पाहावी. पातळी ठीक असली तरी स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून खात्री होईपर्यंत सेल्फ मारू नये. दुसरा अपवाद एअरबॅगचा. त्याच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात. तिथे मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावणं धोक्याचं आहे, ते काम जाणकारावरच सोपवावं. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपियरच्या जागी ३०चा बसवणं म्हणजे तारेलाच फ्यूज करणं. आगी अशाच लागतात.

गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल, तर निगेटिव्ह तार सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये अँपियरवर ठेवलेलं मीटर जोडतात. तसं जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचाच फ्यूज जातो. गाडी लॉक करून थोडा वेळ थांबल्यावर प्रवाह ५० मिलिअँपियरच्या आत यायला हवा. अर्धा अँपियर दिसला तर दिवसाला १२ अँपियर-तास वाहून जातात आणि छोट्या गाडीची ३५ची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडेल, त्याच वाटेवर चोर आहे: डिकीचा न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा चिकटून बसलेला रिले. दुरुस्तीनंतरचे आकडे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात दिवा लागला की वायरमनला निदान गेल्या वर्षीचं माप तरी दाखवता येतं.